खाली की वर?

बालाघाटचं जुनं नाट्यगृह कित्येक वर्षांनी पुन्हा उघडलं, त्या संध्याकाळी प्राची तिकिटाच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे खैरलांजीचे महागू आणि त्यांची बायको दुर्गाबाई बोलत होते.

"मधात तं इथं धानाचे पोते भरून ठेवत. आता पाह्य, कसं चकाचक केलं."

"लगनाच्या साली तुमी मले इथंच नाटक दाखवाले आणलं होतं."

"हौ. हेच राजाराणीचं होतं. आठवते तुले?"

"काय आठवणार? तुमी खाली खुर्चीवर, अन् मी वर बायकाइच्या माडीत, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं. राजाचं पागोटं तेवढं दिसलं मले."

"तवा रीतच तशी होती. अन् घरी जाता जाता मी सारं सांगितलं नव्हतं काय?"

"सांगितलं ना. म्हणून तं तो राजा मले तुमच्यासारखाच वाटला."

"मंग वाईट झालं काय?"

"आज खरा पाहाले आली."

"बरं, आता चिक काढला म्हणतात. वरच बसू. हवा लागते."

"तुमी बसा वर. मी पहिल्या रांगेत बसीन."

"एकटी?"

"तवा कोण होतं माह्या संगं?"

तेवढ्यात खिडकी आली.

"बोलिए काका, ऊपर या नीचे?"

महागूंनी बायकोकडे पाहिलं.

"नीचे. दो. एकदम सामने."

प्राचीला हसू आलं. तिनं त्यांच्या मागचीच खुर्ची मागितली. आत जाताना दुर्गाबाईंचा आवाज आला.

"टोपी काढून बसा. मागच्याइले दिसलं पाह्यजे."