साडेबारा इंच

अहो, हसवू नका मला! पाया पडतो, हसवू नका... हसलं की इथे, डाव्या बाजूला, अशी कळ येते की काजवे चमकतात. दोन बरगड्या मोडल्यात. नाही, पडलो नाही. गाडीनं उडवलं नाही. कॉम्प्युटर घेतला! तुम्हाला सांगतो, माणसानं पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालावा, पण छोटा कॉम्प्युटर जोडायला घेऊ नये. मोठा घ्या! कपाटाएवढा घ्या, त्यात कपडे ठेवा! आणि जो कोणी तुम्हाला म्हणेल ना, "आरामात बसेल," त्याच्या तिथल्या तिथे कानाखाली काढा. आधी काढा, मग विचारा, काय बसेल ते.

मी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. घरीच बसून त्यांची फिल्म करतो. जुना कॉम्प्युटर होता माझा. होता! फिल्म तयार करायला लावली की नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत शहाण्यासारखा जायचा आणि तिथे त्याची दातखीळ बसायची. चार-चार तास नव्व्याण्णव! पाचव्यांदा असं झालं तेव्हा माझं डोकं फिरलं, हाताशी कॅमेऱ्याचा ट्रायपॉड होता, घातला! एक घातला, दोन घातले, तिसऱ्याला आतून धूर आला... आणि काय सांगू, त्या तीन दणक्यांनी जो जीव शांत झाला माझा, तसा लग्नानंतर कधी झाला नव्हता. पाच मिनिटं टिकली ती शांती. सहाव्या मिनिटाला पैलवान दारात!

पैलवान म्हणजे माझं गिऱ्हाईक. व्यायामशाळा चालवतो. हा माणूस दार वाजवत नाही, दारावर हात ठेवतो, कडी आपोआप निखळते. त्याच्या बहिणीचं लग्न मी चार कॅमेरे लावून शूट केलं होतं, आणि त्यानंतर वीस दिवसांत त्याचे वडील गेले. अचानक. तर आला, खुर्चीत बसला, खुर्ची किंचाळली, आणि माझ्या खांद्यावर पंजा ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, आमचे बाबा जन्मात कधी हसले नाहीत. त्या दिवशी हसले म्हणतात. आईनं पाहिलं नाही, ती आत होती. रविवारी घरची सगळी जमतायत. तिला ते हसू दाखवायचंय." मी म्हटलं, "बघतो मी..." "बघू नका. रविवारी सकाळी फिल्म पाहिजे. नाहीतर तुमच्या बरगड्या मोजून मोडीन. बारा डाव्या, बारा उजव्या, मला पाठ आहेत." आणि रुमालानं डोळे पुसत गेला हो!

खोटं कशाला बोलू, भीती वाटलीच. पण बरगड्यांहून जास्त वाईट त्या माउलीचं वाटलं. कारण ते हसू खरंच होतं माझ्याकडे. सतरा सेकंद. हात धुवायच्या नळापाशी कुणीतरी काहीतरी बोललं आणि तो कडक म्हातारा भिंतीला पाठ टेकून पोट धरधरून हसतोय, ओल्या हातांनी डोळे पुसतोय... खणातल्या डिस्कवर सुखरूप होतं सगळं. पण लावायचं कशावर? ट्रायपॉडवर?

म्हणून नवा कॉम्प्युटर! वार मंगळवार. आणि आमची खोली केवढी, तर एका टेबलावर मी आणि बायको दोघांचा धंदा. बायको शिवणकाम करते. हातात ती कापडाची लांब कात्री, म्हणाली, "अहो, ऐका. माझ्या मशीनच्या आणि भिंतीच्या मध्ये जेवढी जागा आहे ना, तेवढ्यात बसलं तर आणा. एक सूत बाहेर आलं तर जे बाहेर येईल ते मी कापीन." कच् कच्! मी विचारलंच नाही कशाबद्दल बोलतेय ते. तिनं टेपनं जागा मोजली, मी त्या मापाचा कॉम्प्युटरचा रिकामा डबा आणला, कॅबिनेट म्हणतात त्याला, एवढासा, आणि बसला बरं का! आरामात बसला! इथेच फसलो मी. इथेच!

कारण इथे माझा मेहुणा आला. वय पस्तीस, धंदा... सगळं माहीत असणं. "भाऊजी, चार कॅमेऱ्यांची फिल्म म्हणजे ग्राफिक्स कार्ड तगडं पाहिजे. तीन पंख्यांचं!" मी म्हटलं, "अरे, पण डब्यात बसेल ना?" म्हणाला, "आरामात बसेल!" मी म्हटलं, "डब्याच्या खोक्यावर तर साडेदहा इंचांपर्यंतचंच कार्ड बसेल असं लिहिलंय." असा हसला माझ्याकडे बघून, की तोंडात बुक्की घालावी. "भाऊजी, खोक्यावरचं कधी खरं धरायचं नाही, कंपन्या मुद्दाम कमी सांगतात. स्वतः मोजायचं!" आणि बायकोच्या मशीनवरचा टेप घेतला, डब्यात घातला, एक डोळा मिटला आणि ओरडला, "बघा! साडेबारा!" मी पाहिलं. साडेबारा! स्वतःच्या डोळ्यांनी हो!

गेलो दुकानात. साडेबारा इंची कार्ड मागितलं. दुकानदार मरतुकडा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, त्यानं डब्याचं नाव विचारलं आणि म्हणाला, "नाही जायचं." मेहुणा म्हणाला, "जाईल." "नाही जायचं हो, रोज चार विकतो मी." "मोजलंय आम्ही! तुम्ही मोजलंय?" "मला मोजायची गरज नाही." "मग बोलायची पण गरज नाही!" आणि तुम्हाला सांगतो, त्या काड्यापेटीएवढ्या दुकानात मेहुण्यानं दुकानदाराची कॉलर धरली, दुकानदारानं मेहुण्याचे केस धरले, मी सोडवायला मध्ये पडलो तर दोघांनी मिळून मला हाणला! पंख्यांची खोकी वरून धडाधड डोक्यावर... शेवटी दुकानदारानं कार्ड माझ्या छातीवर आपटलं. "घेऊन जा! आणि सील तोडून परत आणलंत ना, तर तंगडं तोडीन!" अहो, त्या सबंध आठवड्यात खरं बोललेला हा एकच माणूस. आणि आम्ही त्याचा चष्मा फोडून आलो.

शनिवार, दुपारचे बारा. प्रोसेसर बसला, रॅम बसली, सगळं बसलं. कार्ड... दोन इंच बाहेर! तिरकं घातलं, उलटं घातलं. मी म्हटलं, "बसेल म्हणाला होतास ना?" "बसेल हो, आरामात बसेल, जरा जोर लावा!" जोर लावला, बोट चिरलं, रक्त. मेहुण्यानं हातोडी आणली. हातोडी! चार ठोके डब्याला, पाचवा माझ्या अंगठ्यावर! मग करवत आणली, म्हणतो कसा, "पुढचा पत्रा कापू," आणि करवतीची पाती ताडकन मोडून माझ्या कानावरून गेली, ती भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रुतली! आजही आहे, पुढच्या महिन्यात.

तेवढ्यात बायको आली, म्हणाली, "माझा टेप कुणी घेतला होता?" मेहुणा म्हणाला, "मी, ताई, डबा मोजायला." "मग दोन वजा केलेस ना?" ... दोन? कसले दोन? "अहो, टेपचे सुरुवातीचे दोन इंच इस्त्रीखाली जळाले नाहीत का, दोन वर्षं झाली. मी कापून टाकले. कापड कापताना मी मनातल्या मनात दोन वजा करते, मला सवय आहे." मी म्हटलं, "अगं, मग नवा टेप घ्यायचा!" "का? हा चालतोय की!" "मला सांगितलं का नाहीस?" "तुम्ही कधी विचारलंत?"

तुम्हाला सांगतो, दोन वर्षं मी ज्या बाईच्या शेजारी बसून जेवलो, तिच्या टेपला सुरुवातच नाही, हे मला माहीत नाही! मग मात्र माझा तोल गेला. मी मेहुण्याचा गळा धरला, मेहुण्यानं कीबोर्ड उचलला, घातला माझ्या पाठीत, बटणं उडाली खोलीभर, मी ट्रायपॉड शोधतोय, बायको ओरडतेय, "माझ्या मशीनला धक्का लागला तर दोघांना शिवून टाकीन!" आणि कडी निखळली.

पैलवान!

सगळे जागच्या जागी. माझे हात मेहुण्याच्या गळ्यावर. पैलवानानं शांतपणे विचारलं, "फिल्म?" मी म्हटलं, "कार्ड बसत नाही हो... दोन इंच..." तो म्हणाला, "सरका." डबा मांडीत घेतला, पुढच्या पत्र्यात बोटं घातली, आणि तड्! तड्! तड्! रिव्हेट गोळ्यांसारखे सुटले! सबंध पत्रा कागदासारखा फाडून त्यानं कोपऱ्यात फेकला. कार्ड बसलं. दोन इंच बाहेर लोंबतंय, पण बसलं! आता हा डबा शिवणमशीन आणि भिंतीच्या मध्ये कसा मावणार? मी बायकोकडे बघितलं. तिच्या हातात कात्री. तिनं पैलवानाचे डोळे बघितले, कात्री खाली ठेवली, मशीन उचललं आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. तेव्हा मला भरून आलं हो, खरंच.

संध्याकाळपर्यंत फिल्म जुळवली. बनायला लावली. नव्वद... पंच्याण्णव... नव्व्याण्णव. थांबली! चौघांचा श्वास बंद. पैलवानाची मूठ वळलेली. मेहुणा हळूच म्हणाला, "होईल, आरामात..." बायकोनं त्याच्या थोबाडीत मारली. फाडकन! आणि शंभर!

पैलवानाला तेवढंच लावून दाखवलं. नळ, भिंत, सतरा सेकंद. बाबा हसतायत. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा हसले. तिसऱ्यांदा तो डोंगर हुंदके द्यायला लागला, "आई बघेल आता... आई बघेल..." म्हणत उठला, "भाऊ, तुमचे उपकार..." म्हणाला, आणि मला मिठी मारली.

कट्. कट्.

मला आधी वाटलं, डब्याचे राहिलेले रिव्हेट सुटले.

मारलं नाही हो त्यानं, मिठीत मोडल्या! रविवारी फिल्म वेळेवर पोचली, आईनं तेवढा तुकडा सात वेळा बघितला म्हणे. बाकीच्या बावीस बरगड्या शाबूत आहेत माझ्या. डॉक्टरांनी छातीला पट्टा बांधायला सांगितलाय. मी झोपलेलो असताना मेहुण्यानं माप घेतलं आणि जाऊन आणला. मी म्हटलं, "माप कशानं घेतलंस रे?" म्हणाला, "ताईच्या टेपनं." मी म्हटलं, "बसेल ना?"

बघा ना... केवढा आरामात बसलाय! हा असा एका हातानं धरून उभा आहे.