तीच माती, चौदा मैलांवर

नाही, मला एक सांगा, माती ती मातीच ना? चौदा मैलांत ती अशी कितीशी बदलणार? इथे आमच्या दोन वर्षांच्या कॉलेजात ती साधी चिकणमाती, आणि नव्याण्णव नंबरच्या हायवेने चौदा मैल वर गेलं, विद्यापीठाचं फाटक ओलांडलं, की तिला एकदम शिंगं फुटतात? मी विचारलं हे. विद्यापीठाच्या खिडकीवर जी बाई बसते ना, तिला तोंडावर विचारलं. तर ती गोड हसून म्हणते, "सर, दोन्ही संस्थांचं उत्तम सहकार्य आहे." मी विचारतोय माती, ती सांगतेय सहकार्य...

तुम्ही म्हणाल, हा कोण आणि सकाळी सकाळी मातीवर का घसरलाय. तर मी अर्नी बोर्बा. वय एक्कावन्न. सव्वीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. या व्हॅलीत अशी एक डेअरी नाही जिथल्या कुत्र्याने माझ्या पोटरीची चव घेतलेली नाही. मग कंबर गेली. डॉक्टर म्हणाला, "बोर्बा, आता बसून करायचं काम बघा." म्हटलं, सव्वीस वर्षं मी काय टँकर उभ्याने चालवत होतो? हसला नाही. डॉक्टर लोकांत ती पद्धत नाही. मग काय, गेलो कॉलेजात. दोन वर्षांचं कॉलेज, मला चार वर्षं लागली, कारण एका वेळी दोनच विषय डोक्यात मावायचे, तिसरा घातला की पहिला बाहेर. पण केलं. आमची बायको, लुर्दीस, ती शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, दिवसाला चारशे पोरांना वाढते, तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही, ती म्हणायची, "चार वर्षांत दोन वर्षांचं केलंस. या हिशेबाने मास्तर होशील तेव्हा पोरंच तुला हात धरून वर्गात नेतील."

आणि मास्तर व्हायचंच होतं मला, तुम्हाला सांगतो. कारण आमच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक टोस्टेसाहेब. फेस्ताच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या जत्रेच्या जेवणाला पंगतीत समोर बसले होते, रश्शात भिजलेला पाव चमच्याने कापत कापत म्हणाले, "अर्नी, आमचा शेतीचा मास्तर जातोय. गाय तुला कळते, माती तुला कळते, पोरं तुला घाबरतात. फक्त पदवी दाखव. दोन वर्षं जागा रिकामी धरून ठेवतो, दुसऱ्या ऑगस्टपर्यंत. पुढे एक दिवस नाही." आता बघा हं. दोन वर्षं कॉलेजची झालेली, उरलेली दोन विद्यापीठात, आणि टोस्टेसाहेबांची दोन. बरोब्बर बसत होतं. माझ्या आयुष्यात इतकं बरोब्बर काही बसलेलं नाही, लग्नाचा कोटसुद्धा नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आता मधेच मनूगियनबाई सांगतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉलेजात मला माती शिकवली ती मनूगियनबाईंनी. चाळिशीतल्या, सडसडीत, कायम धावत्या. धावणारच, कारण बाई सोमवार-बुधवार आमच्या कॉलेजात आणि मंगळवार-गुरुवार विद्यापीठात, दोन्हीकडे तासिका तत्त्वावर. दोन्हीकडे बसायला खोली नाही, त्यामुळे बाईंचं ऑफिस म्हणजे त्यांच्या गाडीची डिकी. डिकीत पेपर, डिकीत डबा, डिकीत एक पांढरी बादली. त्या बादलीत माती. ओली माती अंगठा आणि बोटामधे दाबत दाबत पट्टी काढायची, दोन इंच न तुटता आली की समजायचं चिकणमाती. सगळा वर्ग शिकतो तो या बादलीवर. सोमवारी आमच्याकडे ती बादली, मंगळवारी विद्यापीठात तीच बादली. आणि बादलीतली माती कोणाची? माझी. माझ्या भावाच्या शेतातली, मक्याच्या मागच्या तुकड्यातली. बाई म्हणाल्या होत्या, कोणी चांगली चिकट माती आणेल का, तर मी आणली. अख्ख्या वर्गात चार इंचांची पट्टी फक्त माझी निघाली. बाई म्हणाल्या, "अर्नी, बारा वर्षांत असा विद्यार्थी नाही पाहिला." अ श्रेणी मिळाली. लुर्दीसने ती फ्रिजवर लावली, पोरांची लावतात तशी.

तर म्हणजे बाई त्याच, पुस्तक तेच, बादली तीच. ठीक?

मग ऑक्टोबरात झाला करार. दोन्ही संस्थांच्या अध्यक्षांनी एकमेकांचे हात इतका वेळ हलवले की फोटोवाल्याने बॅटरी बदलली तरी हलतच होते. पोरांनी आमच्याकडून त्यांच्याकडे अलगद जायचं, एक विषय वाया जाणार नाही, असा करार. आणि या सगळ्याला चेहरा कोणाचा? माझा! मला इस्त्रीचा शर्ट घालून बोलावलं, फोटो काढला, ही एवढी पोस्टरं छापली. मी दूर कुठेतरी बघतोय, आणि खाली लिहिलंय, "मी पोहोचलो. तुम्हीही पोहोचाल." मी म्हटलं, साहेब, मी अजून अर्जच भरलेला नाही. तर म्हणतात, "ती औपचारिकता आहे." केक होता, लांबलचक, त्यावर साखरेचा पूल, या टोकाला कॉलेज, त्या टोकाला विद्यापीठ. सुरी हातात घेतली अध्यक्षांनी आणि बरोब्बर पुलाच्या मधोमध घातली. मला मिळाला तो तुकडा. गोड होता.

दुसऱ्याच दिवशी गेलो खिडकीवर. खिडकीवरच्या बाईच्या मागे भिंतीवर मी. म्हणजे पोस्टर. तिने सगळे विषय तपासले, इतिहास घेतला, गणित घेतलं, भाषणकला घेतली... भाषणकला घेतली, लक्षात घ्या, आणि मातीपाशी बोट थांबलं. "हा नाही होणार, सर. समकक्ष नाही."

म्हटलं, करार झालाय की काल. केक खाल्ला मी.

"करारावर सह्या झाल्यात, सर. पण कुठले विषय ते परिशिष्टात आहे."

मग परिशिष्ट बघा.

"ते समितीकडे आहे. पण सहकार्य उत्तम आहे."

आणि हा एकच विषय म्हणून सोडून द्यावा, तर तसंही नाही. माती झाल्याशिवाय पिकांचा विषय नाही, पिकं झाल्याशिवाय पाण्याचा नाही, आणि माती वर्षातून एकदाच, फक्त वसंतात. माती परत करायची म्हणजे अख्खं एक वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे टोस्टेसाहेबांचा ऑगस्ट गेला, आणि जागाही गेली. मी हे सगळं खिडकीतून सांगितलं. बाई ऐकत होती, तिने मान तिरकी केली, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मागच्या पोस्टरकडे, म्हणाली, "हे तुम्हीच का? फोटोत बारीक दिसता."

अपील करता येतं म्हणाली. केलं. फॉर्म भरला, अभ्यासक्रम जोडला, वही जोडली, मातीची वाळलेली पट्टी पाकिटात घालून जोडली. पाच आठवडे लागले. रोज फोन करायचो, रोज तेच, "तज्ज्ञाकडे पाठवलंय, सर. दोन्हीकडचं पूर्ण ज्ञान असलेल्या तज्ज्ञाकडे." लुर्दीस म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी शहाणं माणूस बघतंय." मलाही बरं वाटलं. माणसाला कशानेही बरं वाटतं.

सहाव्या आठवड्यात आला निकाल. नामंजूर. खाली तज्ज्ञाचा शेरा. वाचून दाखवतो, पाठ झालाय मला. "कॉलेजमधील अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी अपुरी आहे. उदाहरणार्थ, रसायनशास्त्राची कोणतीही पार्श्वभूमी नसलेल्या एका वयस्क टँकरचालकासही त्यात अ श्रेणी मिळाल्याचे आढळते."

आणि खाली सही. मनूगियन.

मी तो कागद उलटा करून बघितला, मागे काही लिहिलंय का. नव्हतं. लुर्दीसने वाचला, दोनदा वाचला, आणि तुम्हाला वाटेल रडली असेल, नाही, म्हणाली, "वयस्क? तेव्हा तर अठ्ठेचाळीसचा होतास." बस. एवढंच. मग उठून फ्रिजवरचं ते प्रगतिपत्रक काढलं, खणात ठेवलं. ते मात्र मला लागलं. कागद वाचून नाही लागलं तेवढं ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. गेलो थेट विद्यापीठाच्या पार्किंगमधे. बाई डिकीपाशी उभ्या, एका हातात गुंडाळलेली पोळी, खाताखाता पेपर तपासतायत. मला बघितलं. पळाल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. घास गिळला आणि म्हणाल्या, "अर्नी, बोला."

म्हटलं, बाई, बादली तीच आहे की हो.

"तीच आहे."

पुस्तक तेच.

"पानसुद्धा तेच. सोमवारी जिथे थांबते तिथूनच मंगळवारी सुरू करते."

मग?

बाईंनी पेपर डिकीत ठेवले. "अर्नी, मी 'समकक्ष' लिहिलं, की हे विद्यापीठवाले म्हणणार, मग आपल्याकडे हा वर्ग कशाला हवा, पोरं तिकडूनच करून येतील. हा वर्ग बंद, म्हणजे माझे अर्धे तास बंद. 'समकक्ष नाही' लिहिलं, की दोन्ही वर्ग चालू. मला समितीने विचारलं, तुम्ही दोन्हीकडे शिकवता, तुम्हीच सांगा फरक काय. मी चार दिवस फरक शोधत होते. सापडेना. शेवटी तुम्ही आठवलात."

मी आठवलो.

"तुम्ही माझे सगळ्यांत हुशार विद्यार्थी होता," म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचं उदाहरण दिलं असतं तर त्यांना पटलं नसतं."

माझ्या बापाने त्याच्या बेटावरून या देशात येताना एक शिवी आणली होती, आमच्या घरात ती फक्त बैलाला आणि पाद्र्याला देत. ती माझ्या जिभेवर तयार होती. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि बाई त्या बादलीशी झटायला लागल्या. चाळीस पौंडांची बादली, बाईंचं वजन किती, सगळं मिळून पोळीएवढं. मी काय केलं? उचलली. माझी कंबर गेलेली, माझीच माती, आणि मीच ती उचलून दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. बाई दार धरून उभ्या होत्या, म्हणाल्या, "सांभाळून हं, पायरी आहे." याला म्हणतात सहकार्य. उत्तम सहकार्य.

टोस्टेसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अर्नी, मी जागा धरून ठेवली होती, पण रिकामी जागा धरून किती दिवस ठेवणार, जिल्ह्याची माणसं विचारतात." ऑगस्टात तिथे एक मुलगी आली, केली नावाची, बावीस वर्षांची, विद्यापीठाची पदवी, स्वभावाने चांगली आहे, उगाच नाही म्हणणार. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन. "मिस्टर बोर्बा? मला पोरांना माती दाखवायचीय. मनूगियनबाई म्हणाल्या, चांगली चिकट माती तुमच्याकडेच मिळते." लुर्दीस समोरून मान हलवत होती, नाही म्हण, नाही म्हण. दोन बादल्या दिल्या मी. पोचवल्या.

तरी सोडलं नाही, तुम्हाला सांगतो. जागा गेली तर गेली, पदवी तर घ्यायची. का ते विचारू नका, लुर्दीसही विचारते. पहिल्या वसंताची नावनोंदणी अपिलातच हुकली होती, दुसरा वसंत आला, विद्यापीठात नाव घातलं, मातीच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसलो. आजूबाजूला सगळी एकोणीस वर्षांची, मला बघून एकाने फळा पुसून दिला, त्याला वाटलं मीच शिकवणार. मग मनूगियनबाई आल्या. बादली टेबलावर. तोच सुरुवातीचा विनोद, गांडुळाचा, तिथेच थांबल्या, तिथेच हसल्या. मीही हसलो, वेळेवर. मग म्हणाल्या, "सुरुवात करण्याआधी, हा विषय आधी कोणी केलाय का?"

मी हात वर केला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हजेरीचा कागद उचलला, त्यावरून बोट फिरवलं, आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या, इतक्या मऊ, "नाही, अर्नी. तुम्ही नाही केलेला."

मी हात खाली घेतला, वही उघडली आणि ते लिहून घेतलं. परीक्षेला आलं तर?