ऐंशी जणांची मिळकत

सिंगापुरात क्लेमेंटीच्या बसथांब्यावर मागे दोन मुली मराठीत बोलू लागल्या, तसे तन्मयने कानातले इयरफोन काढून हळूच खिशात टाकले.

"प्रणिता, माझा प्रबंध बुडाला."

"इथल्या इस्रायली आणि हंगेरियन लोकांत जास्त सुखवस्तू कोण, तोच ना? तुला तर कुणी पगारच सांगत नव्हतं."

"आता ऐंशीच्या ऐंशी जणांनी सांगितलाय."

"मग पेढे दे की!"

"पुण्याहून आई आलीये. 'मैत्रेयी, तुला विचारताच येत नाही,' म्हणाली आणि माझी नंबरांची यादी घेऊन फोनवर बसली. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलगा निर्व्यसनी आहे का..."

"निर्व्यसनी?"

"मुलीसाठी स्थळ बघतेय, असं सांगितलं तिने सगळ्यांना."

"अगं बाई! त्यातले निम्मे लग्न झालेले असतील!"

"त्यांनी धाकट्या भावांचे पगार दिले."

तन्मयची बस आली आणि गेली.

"मग जास्त सुखवस्तू कोण निघालं?"

"दोन्हीकडे कुणी गरीब उरलाच नाही."

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, सगळ्यांना फोन करून माफी माग, नाहीतर प्रबंध रद्द."

"मग कर ना!"

"केला पहिला. एका हंगेरियनाला; त्याच्या आईनेच उचलला. मी 'सॉरी' म्हणायच्या आत तिने माझा पगार विचारला."

"आणि तू?"

"दुप्पट सांगितला गं. तोंडातून निघूनच गेला."