टायची गाठ

कपड्यांच्या दुकानात, ट्रायल रूमच्या रांगेत माझ्या पुढे आई, ऑफिसातून थेट आलेले बाबा आणि नुकतं मिसरूड फुटलेला मुलगा. मुलाने नवा कोट ओल्या छत्रीसारखा अंगापासून लांब धरला होता.

"क्रूझवर दोन दिवस कोट-टाय घालूनच जेवायला बसतात. नियम आहे तो."

"तुम्ही दोघं बसा, आई. मी वरच्या डेकवर हाफ पँटीत पिझ्झा खाईन."

"आम्ही खाली नटूनथटून, आणि तू वर अनाथासारखा?"

"बरं, कोट घालतो. टाय नाही."

"शाळेत सहा वर्षं घातलास की."

"त्याला इलॅस्टिक होतं. गाठ कुठे मारता येते मला?"

"एवढंच ना? मग आधी बोलायला काय झालं होतं? बाबा वीस वर्षं टाय लावून ऑफिसला जातायत. अहो, दाखवा जरा त्याला."

बाबा मघापासून मोजे निरखत होते.

"अहो."

"ये रे इकडे. माझी कॉलर मागून उचल. हळूच."

"बाबा, इलॅस्टिक?"

"हळू बोल. मोठ्यांच्या मापातही मिळतं."

"काय कुजबुजताय दोघं?"

"काही नाही गं. गाठ शिकवतोय."