मागच्या दारचा ओंडका

भाऊजी : आधी प्लग काढा, वहिनी. मग काय झालं ते सांगा.

वहिनी : तुम्ही फाटकातून आत शिरताना दिसलात, तेव्हाच काढला. उगाच बोलणी नकोत.

भाऊजी : मी कशाला बोलतोय? पण सत्तरी उलटल्यावर एकटीनं विजेची साखळी-करवत चालवायची म्हणजे... गॉगल तरी घातला होता का?

वहिनी : ह्यांचाच. हातमोजेही ह्यांचे, बोटं जरा ढिली पडतात. वायर खांद्यावरून मागे टाकली होती. ह्यांच्या शेजारी उभं राहून फुकट नाही दिवस घालवले.

भाऊजी : आणि?

वहिनी : आणि काय, धूर. अर्धा तास नुसता धूर. हा बघा ओंडका, काळा पट्टा पडलाय, चीर मात्र नखाएवढी. हे म्हणायचे ते खरंच, वाळून लोखंड झालंय.

भाऊजी : दादा म्हणाला असं?

वहिनी : गेल्या वर्षी. मला दाराशी बाक करून देणार होते, बसून बुटाच्या नाड्या बांधायला. तीन दिवस खटपट केली, मग करवत पुसून खोक्यात ठेवून दिली. म्हणाले, लोखंड आहे, नाही कापत. मग मी काय बोलले असेन?

भाऊजी : तुम्ही? छे, तुम्ही कुठल्या बोलताय.

वहिनी : थट्टा पुरे. म्हटलं, साऱ्या गल्लीची कामं होतात, माझं काम आलं की लाकडाचं लोखंड होतं. त्यानंतर ह्यांनी एकाही हत्याराला हात लावला नाही. चार महिन्यांनी गेलेच. दारातून येता-जाता हा ओंडका दिसतो आणि माझंच वाक्य मला ऐकवतो. बाक झाला तर गप्प बसेल.

भाऊजी : द्या करवत इकडे. उजेडात येऊ द्या... थांबा. ही साखळी कोणी चढवली?

वहिनी : ह्यांनीच. मी खोक्यातून काढली आणि तेल भरलं, बस. साखळीवरचं ते झाकण मला उघडत नाही. का हो?

भाऊजी : हा दात बघा. पट्टीच्या वरच्या बाजूनं साखळी टोकाकडे पळते, म्हणजे धार टोकाकडे हवी. इथे पाठ पुढे आहे. उलटी बसलीय. हिनं लोणीसुद्धा कापलं नसतं.

वहिनी : ह्यांनी उलटी बसवली? भिंतीवर एकेका हत्याराची आकृती रेखून त्यावरच ते टांगणारा माणूस?

भाऊजी : भिंतच बघतोय. हातोडीच्या आकृतीवर पक्कड टांगलीय.

वहिनी : ती तशीच होती. मी नाही हलवली.

भाऊजी : कधीपासून?

वहिनी : बाकाच्या आधीपासून. मला वाटलं, आळस. शर्टाची बटणं वरखाली लावायचे, तेव्हाही वाटलं आळसच. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार म्हणून सांगितलं ते पार शेवटी.

भाऊजी : मलाही फोन आला होता. करवत रुसलीय म्हणाला. मी म्हटलं, दादा, शिकवलंस तू मला, आता मी काय तुला सांगू? हसण्यावारी नेलं.

वहिनी : तुम्हाला फोनवरून काय दिसणार? मी तर इथे उभी होते. हातात चहा घेऊन.

भाऊजी : ...फिरवू ना साखळी?

वहिनी : जरा थांबा. ह्यांच्या हातची शेवटची आहे.

भाऊजी : बरं.

वहिनी : फिरवा. कळलं असतं तर ह्यांनीच फिरवली असती. आणि फार आवळू नका. उचलली की सुटावी, सोडली की पट्टीला बिलगावी.

भाऊजी : अगदी दादाचं वाक्य. झालं. मी ओंडका कापायच्या लाकडी घोडीला आवळतो. जोर लावू नका, करवत आपल्या वजनानं उतरेल. टोक मात्र कुठे टेकवू नका.

(करवत सुरू होते. थोड्याच वेळात थांबते.)

भाऊजी : बघा ढलप्या कशा पडल्यात. कापही सरळ आलाय.

वहिनी : एवढ्यात झालं?

भाऊजी : मिनिटभर लागलं नसेल.

वहिनी : मऊच होतं हो लाकूड.

भाऊजी : वहिनी, बसा जरा. मी तेवढ्यात ती पक्कड तिच्या जागी लावतो.

वहिनी : नको, असू दे तिथेच. हातोडीसाठी मी दुसरा खिळा ठोकून घेईन.