तिसरी रेकॉर्ड

पुतणी : सात महिने झाले त्या पत्राला, काका. मी समजत होते, तुम्ही त्याच आठवड्यात उत्तर धाडलंत.

काका : धाडलं असं मी कधी म्हणालो नव्हतो.

पुतणी : नव्हता म्हणालात. मी विचारलं की चष्मा पुसायला घ्यायचात.

काका : तुला कोणी सांगितलं?

पुतणी : तुमच्या रेडिओवरच्या निवेदक मित्रांची मुलगी गाडीने आली होती मघाशी, आमच्या शिलाईच्या दुकानात. पडदे आखूड करायला आले म्हणाली, पण पडदे पिशवीतच राहिले. टपालाची वेळ झाली की तिचे वडील फाटकाशी जाऊन उभे राहतात म्हणे. आता त्यांना एकटं ठेवण्यासारखं राहिलं नाही, म्हणून रविवारी ती त्यांना स्वतःच्या घरी नेणार आहे. आणि ते जागचे हलत नाहीत. कपाटाचं उत्तर आल्याशिवाय हे घर सोडणार नाही, असं धरून बसलेत. तिला वाटलं, बाबा लाकडी कपाटाशी बोलायला लागले.

काका : कपाट म्हणजे मी.

पुतणी : ते मला माहीत आहे हो. तिला समजावता समजावता एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली मी.

काका : रेडिओवर सगळेच मला कपाट म्हणायचे. तो काचेपलीकडे माइकसमोर आणि मी रेकॉर्डींच्या कपाटांमागे. मला ती जागा बरी वाटायची. कोणी फारसं यायचं नाही.

पुतणी : पत्र दाखवा.

काका : त्यात वाचण्यासारखं काही नाही.

पुतणी : दाखवा तरी. ... एवढंच? वर एक शब्द आणि खाली अकराशे बेचाळीस, तीनशे सत्याऐंशी, बावीसशे दहा. हे पत्र आहे की लॉटरीचा निकाल?

काका : ते आमच्या संग्रहातल्या रेकॉर्डींचे क्रमांक आहेत. मी घरी आणल्या त्या थोड्या रेकॉर्डी सोडल्या तर संग्रह केव्हाच भंगारात गेला, पण क्रमांक आम्हा दोघांना पाठ आहेत. तीन रचना अशा निवडायच्या, की तिघींच्या नावात एक शब्द सारखा असेल. दुसऱ्याने तो ओळखायचा. कार्डावर तो एक शब्द लिहायचा, खाली आपले तीन क्रमांक, आणि टाकायचं पेटीत. निवृत्त झालो तेव्हापासून चाललं आहे. एकोणीस वर्षं.

पुतणी : आणि खुशाली?

काका : खुशाली लिहायची नाही असं ठरलं होतं. कोणी ठरवलं ते आठवत नाही. बहुधा मीच.

पुतणी : म्हणजे एकोणीस वर्षांत तुम्ही एकमेकांना कसा आहेस म्हणून विचारलं नाहीत?

काका : कार्ड यायचं. म्हणजे ठीक असणार, असं समजायचं.

पुतणी : मग सात महिने त्यांनी काय समजायचं? सुटत नाही का कोडं? नाही सुटलं तर नाही. हरलो म्हणून लिहा. कोण फासावर देतंय?

काका : सुटत नाही असं नाही, पोरी. पहिली रेकॉर्ड 'दिव्याखालची झोप'. पियानोची. दुसरी 'शेवटचा दिवा', चार तंतुवाद्यांची. वाचल्यावर मिनिटभरात कळलं.

पुतणी : आणि तिसरी?

काका : 'पुलावरचा नाच'.

पुतणी : हाच का तो नाच, जो दिवसभर लावून बसता? खालचे दाताचे डॉक्टर परवा हात जोडून गेले. खुर्चीतला पेशंट आ वासून बसतो आणि पायाने ठेका धरतो म्हणाले. हात घसरला तर कोण जबाबदार?

काका : मला वाटायचं, दिवा कुठेतरी असेल. रचनेचं जुनं एखादं नाव असेल, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काही असेल. चार जाड पुस्तकं पालथी घातली. त्या रेकॉर्डमध्ये दिवा नाही. कुठेच नाही.

पुतणी : म्हणजे चूक त्यांची आहे.

काका : हळू बोल.

पुतणी : खोलीत आपण दोघंच आहोत, काका.

काका : त्याची चूक होत नाही. प्रक्षेपण चालू असताना काचेतून तो नुसता बोटांनी क्रमांक दाखवायचा आणि मी रेकॉर्ड काढून द्यायचो. एकदाही बोट चुकलं नाही. मीच चुकायचो. आधीच्या कार्डातही जरा विचित्र होतं. वर्षापूर्वीचेच तीन क्रमांक पुन्हा आले होते. मी काही न बोलता उत्तर दिलं.

पुतणी : आणि या वेळी गप्प बसलात.

काका : दोनच रस्ते आहेत. तुझं चुकलं म्हणून कळवलं, तर तो ज्याची धास्ती घेऊन बसला असेल तेच मी त्याच्या हातात देतो. नुसतं 'दिवा' लिहिलं, तर त्याला फसवतो. त्याच्याशी मी आजवर खोटं बोललो नाही. बाकी कोणाशी बोललो असेन. रोज सकाळी कार्ड पुढ्यात घेतो, संध्याकाळी उचलून ठेवतो. या दोन शब्दांच्या मधे मी अडकलोय बघ. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही.

पुतणी : आणि ते तिकडे फाटकात अडकलेत. तुम्ही फार विचारी आहात, काका, पण एक बोलू? रागावणार नसाल तर.

काका : रागावता मला कुठे येतं.

पुतणी : त्यांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही लिहीत नाही, हे मला अर्धंच पटतं. ते क्रमांक जगात दोनच डोक्यांत आहेत. एकातले गेले, तर दुसऱ्याने ते कोणाला सांगायचे? तुम्हाला याची भीती वाटते.

काका : ...तू शिलाईच्या दुकानात फुकट जातेस.

पुतणी : रोज लोकांची मापं घेते मी. कार्ड कुठे आहे? खालची पेटी चारला उघडतात. आज गेलं तर शनिवारपर्यंत पोहोचेल.

काका : काय लिहू?

पुतणी : ते मी सांगायचं नाही. माझा खेळ नाही तो.

काका : थांब. ... ऐक. "पहिल्या दोघींत दिवा. तिसरीत मला सापडला नाही. सात महिने शोधला. उत्तराला उशीर झाला तो माझ्या भित्रेपणामुळे. तू कसा आहेस?"

पुतणी : आणि तुमचे तीन क्रमांक?

काका : या वेळी नको. जागा उरली आहे तिथे लिहितो, की पुढच्या आठवड्यात तुझ्या मुलीकडे येतो. बावीसशे दहा घेऊन येतो. नुसती ऐकू. ओळखायचं काही नाही.

पुतणी : तुम्ही? गाडीत बसून? परक्या घरी?

काका : तू स्टेशनपर्यंत येशील ना?

पुतणी : येईन की. चला, आधी चपला घाला. चाराला दहा कमी आहेत.

(खाली रस्त्यावर, टपालपेटीपाशी.)

काका : भित्रेपणा हा शब्द जरा जास्त झाला का?

पुतणी : नाही.

काका : पत्ता बरोबर आहे ना?

पुतणी : एकोणीस वर्षं तोच लिहिताय. सोडा आता.

काका : सोडलं.

पुतणी : पडलं?

काका : पडलं. आवाज आला.

पुतणी : मग हात बाहेर काढा, काका.