तळ्याकाठचं गवत

कळमनुरीत गुरांच्या दवाखान्यात, औषधाच्या रांगेत माझ्यापुढं मेंढपाळ ग्यानबा आणि त्यांची लेक प्रियदर्शनी उभे होते.

लेक सांगत होती, "डॉक्टर म्हणले, मेंढीच्या कलेजात चपटे किडे झाले. तळ्यातल्या गोगलगाईतून येतात."

"गोगलगाईतून? ते कसं?"

"एकच अळी गोगलगाईत शिरते. नर-मादीबिगर तिच्या शेकडो होतात. मग बाहेर येऊन गवताला चिकटतात, अन् मेंढी ते गवत खाते."

"तुझी माय गोगलगाई दिसल्या की कळप वळवायची."

"काहून, ते इचारलं न्हाई तुमी?"

"हसायचो मी तिला. ती वारल्यापून मीच तळ्यावर नेऊन राहिलो."

"माय माळावर न्यायची, बाबा."

"तू जायचीस ना तिच्यासंगं?"

"लई लहान होते."

"तरी उद्या चल. तिची वाट दाखव मला."

"चला. माझे पाय बराबर वळतील."